बाबा, तो प्रोग्रॅम बंद करा!

गाडीचं ब्रेक पेडल तुटेल की टिकेल, हे आधी कॉम्प्युटरवर तपासणारा आमच्या मानेसरच्या कारखान्यातला एकमेव तज्ज्ञ म्हणजे मी, जयेश! म्हणून गिऱ्हाईक कंपनीची माणसं पेडल पाहायला येणार म्हटल्यावर मी साहेबांना छाती ठोकून सांगितलं, "भाटिया सर, आप बस चाय मँगवाइए!"

चहा आला. माणसंही आली. मी ऐटीत माउस दाबला आणि पडद्यावर लाल पाटी: लायसन्स उपलब्ध नाही!

त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आमच्याकडे एकच. सोसायटीतल्या पाहुण्यांच्या पार्किंगसारखं! एक घुसला की बाकीचे बाहेर.

"कौन पकड़ के बैठा है?" मी गरजलो.

आयटीतल्या अंकुरनं सर्व्हर पाहिला. "सर, कोई जयेश है."

घरचा लॅपटॉप! सकाळी तसाच चालू ठेवून निघालो होतो! बायको शाळेत शिकवत होती, म्हणून गुरुग्रामला घरी बाबांना फोन लावला.

"बाबा, माझं लायसन्स अडकलंय!"

"अरे देवा! कुणी पकडलं?"

"मीच!"

"तूच तुला पकडलंस? भरदिवसा घेतलीस की काय?"

"नाही हो! तुम्ही तो प्रोग्रॅम बंद करा. लगेच!"

"आजचाच?" बाबांचा आवाज एकदम खोल गेला.

"आजचाच! नाहीतर माझी नोकरी जाईल!"

"बरं," बाबा म्हणाले, जणू गळ्यातला कंठा काढून देत होते.

पाहुण्यांचा दुसरा चहा संपला, तरी लाल पाटी हटेना. पुन्हा फोन.

"बाबा, बंद केलात ना?"

"केला रे. ग्रुपवर टाकलं, हॉलवाल्याला सांगितलं, केटररला कळवलं..."

"केटरर?!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाबा आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्या संध्याकाळी मंडळाचं नाटक होतं!

"कारण काय दिलंत?"

"खरं तेच. मुलाला पोलिसांनी धरलंय."

मी कपाळ बडवून घेतलं. "बाबा, टेबलावरचा लॅपटॉप! त्याचं बटण दाबून धरा!"

बाबांनी दाबलं. लायसन्स सुटलं! मी पेडलची फाइल उघडायला गेलो, तर नवी पाटी: ही फाइल जयेश वापरत आहे, तुम्हाला परवानगी नाही!

"अंकुर, इस जयेश को निकालो!"

अंकुरनं जयेशला सर्व्हरवरून हाकललं. त्याच क्षणी माझाही पडदा काळा झाला. तो जयेश गेला आणि हाही गेला!

मला परत आत घेईपर्यंत पाहुण्यांचा तिसरा चहा झाला. पण पेडल टिकलं, आणि माझी नोकरीही.

संध्याकाळी घरी आलो तर दारात चपलांचा डोंगर. बाबांनी नाटक पुन्हा लावलं, पण हॉल हातचा गेला होता, म्हणून अख्खं मंडळ आमच्या बैठकीत! रंगवलेले नट सोफ्यावर, श्रीखंडाचे डबे वॉशिंग मशीनवर. मला पाहताच सगळ्यांच्या माना वळल्या. विजयाकाकू हातात पुरी धरून पुढे आल्या आणि डोळे विस्फारून म्हणाल्या, "फार मारलं का रे पोलिसांनी?"

मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. इतकी आशा! मला मोडवेना हो.

"थोडंसं," मी म्हणालो आणि जरा लंगडत ताट घ्यायला गेलो.