दमाजी अस्वलाच्या शोकेसमधली रेंज

बाळांनो, एका जंगलात दमाजी अस्वलांनी बंगला बांधला. साधी गुहा नव्हे. हातभर जाड दगडी भिंती, लोखंडी दार, वर चकचकीत पत्रा. आत मुंगी शिरायची नाही. मग मोबाइलची रेंज कुठून शिरणार? ओट्यावर मात्र फुल.

त्या गुरुवारी फोन यायचा होता. दमाजींच्या लेकीला, केशरला, नदीपलीकडचे लोक बघून गेले होते. जाताना मुलाचा बाप बजावून गेला, "पसंती गुरुवारी दिवस मावळायच्या आत कळवू. फोन लागला नाही, तर तुमचा विचार नाही असं समजू."

मुलगा केशरलाही आवडला होता. सकाळपासून तिने मधाला तोंड लावलं नव्हतं.

शेजारच्या सागावरून खारमावशी म्हणाली, "अहो दमाजी, फोन घेऊन ओट्यावर बसा की! दोन पावलं तर आहेत."

"एवढा बंगला बांधून फोनसाठी बाहेर बसू? ते बिळातल्या सशांनी करावं, मावशी."

"बाबा, मी बसते," केशर म्हणाली.

"लग्नाची मुलगी ओट्यावर बसून सासरच्या फोनची वाट बघणार? आत हो!"

मग दमाजींनी घरात रेंज वाढवणारा बूस्टर आणला. बसवायला माकड आलं. म्हणालं, "अँटेना वर, पत्र्यावर. डबा खाली, घरात. दोघांना जवळ ठेवू नका, जुंपते त्यांची."

"पत्र्यावर कोण बघणार ती?" अस्वलीणबाई कडाडल्या. "एवढी महागाची वस्तू! शोकेसमध्ये ठेवा, डब्याशेजारी."

माकडाला काय, केळ्यांशी मतलब. ठेवली.

नव्या वस्तूला हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला. शेजारणींना बोलावून पेढे वाटले. पेढे बरे होते, खोटं कशाला बोला. मग बटण दाबलं.

डब्याची आणि अँटेनाची अशी जुंपली, की घरात रेंज आली नाहीच, ओट्यावरचीही गेली. नदीच्या अलीकडच्या अख्ख्या जंगलाची गेली. केशर फोन घेऊन टेकडीवर धावली. तिथेही नाही.

दिवस मावळला.

नदीपलीकडून कावळा निरोप घेऊन आला. "सात वेळा फोन लावला म्हणे. शेवटी तिकडच्याच कपारीतली मुलगी ठरवली."

केशर आत गेली आणि तिने बूस्टरचं बटण बंद केलं. बाहेर सगळ्यांचे फोन टिंगटिंग वाजू लागले.

"बघा!" दमाजी ओट्यावर येऊन गरजले. "आणला बूस्टर, आली की नाही रेंज?"

दुसऱ्या दिवशी आणखी चार घरांनी माकडाला बोलावणं धाडलं.

तात्पर्य : दोन पावलं चालून होणारं काम चालून करू नये, त्याला यंत्र आणावं. मुलीचं लग्न काय, पुढच्या साली जमेल. शोकेस रिकामी दिसता कामा नये.