मनोगत, योग्य त्या आवाजात

नटीलाही स्वतःचे आयुष्य असते, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. ते तिने नेमके केव्हा जगावे याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत (काहींच्या मते दोन चित्रपटांच्या मधल्या काळात, काहींच्या मते सवड मिळाल्यास). मात्र साठी उलटल्यावर ते तिने कॅमेऱ्यासमोर, मंद उजेडात, शेजारी फुलदाणी ठेवून सांगून टाकावे, याबद्दल दुमत नाही. न सांगितलेले आयुष्य वाया गेले असे समजतात.

त्यामुळे बाईंची साठी उलटली आणि दूरदर्शन वाहिनीचा फोन आला, यात नवल काही नव्हते. बाई म्हणजे एके काळच्या आघाडीच्या नायिका. फोन त्यांनी स्वतः उचलला. पलीकडून एक अदबशीर आवाज म्हणाला, "मावशी, जरा मॅडमना बोलवता का?"

"थांबा हं," असे म्हणून बाईंनी फोन सवयीने थोरल्या बहिणीकडे दिला. या थोरल्या बहिणीला घरात अक्का म्हणतात. बाईंच्या नावाने फोनवर बोलायचे काम कित्येक वर्षे अक्कांकडे आहे. अक्कांचा आवाज काही फार गोड नाही, पण तो बाईंचा नाही, एवढा गुण पुरतो.

इथे एक तांत्रिक खुलासा करणे भाग आहे. पडद्यावरची नायिका ही एक व्यक्ती असते असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. ती एक समिती असते. चेहरा एकीचा, गाणारा गळा दुसरीचा, नाचाची अवघड पावले तिसरीची, घोड्यावरून दौडणारी पाठ एका मिशीवाल्या गृहस्थांची, आणि बोलण्याचा आवाज गरजेप्रमाणे आणखी कुणाचा. व्यवस्थित चालणारी निर्मितीसंस्था प्रत्येक जिन्नस जिथे चांगला मिळेल तिथून आणते. बाई या समितीवर चेहरा म्हणून होत्या.

पहिल्याच चित्रपटात त्यांनी पहिले वाक्य उच्चारले तेव्हा ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन काढले, रुमालाने पुसले आणि पुन्हा चढवले. मग तो दिग्दर्शकाला म्हणाला, "चेहरा उत्तम आहे. बाकीचं आपण बघू." बाईंचा आवाज घोगरा, किंचित नाकातला आणि वाक्याच्या शेवटी खाली बसणारा आहे (दवाखान्यात "पुढचा पेशंट!" म्हणून पुकारायला अत्यंत योग्य). तेव्हापासून सगळ्या चित्रपटांत बाई ओठ हलवत आणि बोलत असे दुसरीच एक स्त्री. तिला धंद्यात नुसते "आवाज" म्हणत. दोघींनी चारचौघांत एकमेकींना भेटायचे नाही आणि बाईंनी मोठ्याने हसायचे नाही, असे करारात होते.

करार बाईंनी काटेकोर पाळला. समारंभांत त्या गप्प बसत. त्यावरून त्यांची अबोल, शालीन आणि गूढ अशी ख्याती झाली. एका प्राध्यापकांनी त्यांच्या मौनावर प्रबंध लिहिला. संवादफेकीसाठी त्यांना दोनदा पारितोषिक मिळाले. ते त्यांनी दोन्ही वेळा मान झुकवून, एक अक्षर न बोलता स्वीकारले, तेव्हा सभागृह उभे राहिले होते. गैरसोयी किरकोळ होत्या. घरात चोर शिरला तेव्हा बाईंनी पोलिसांना फोन केला, तर हवालदार म्हणाला, "मोठ्या माणसांच्या नावानं थट्टा करू नये, काकू," आणि चोराला पुरेसा अवधी मिळाला.

त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर होते. पहिल्या भेटीत बाई बोलल्या तेव्हा, कोण बोलले हे पाहायला त्यांनी मागे वळून बघितले होते. पण ते भले गृहस्थ होते. शिवाय समोरच्याच्या तोंडात हत्यारे असताना त्याच्याशी गप्पा मारायची सवय असल्यामुळे आवाजाविषयी त्यांच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. ते होते तोवर त्या घरात बाईंना कुणी "हळू बोल" म्हटले नाही. ते गेल्यावर बाई घरातही कमी बोलू लागल्या. अक्कांना याचे फार वाईट वाटे. त्या रोज काहीतरी निमित्त काढून बाईंशी भांडत, ते एवढ्यासाठीच.

तर वाहिनीचा कार्यक्रम ठरला. पूर्वतयारीसाठी वाहिनीच्या भावना विभागाचे प्रमुख घरी आले. चांगले बूट घातलेले, पस्तिशीचे आणि कायम हळहळलेले गृहस्थ. त्यांनी समजावून सांगितले की मनोगतात बालपणीची गरिबी, ऐन उमेदीतला विश्वासघात, नाकारलेली आणि मग दुसरीला लाभलेली एक भूमिका, सर्वांना क्षमा आणि एक अश्रू एवढे आवश्यक असते. अश्रू डाव्या डोळ्यातून आल्यास बरे, कारण उजवीकडे फुलदाणी आहे.

बाईंच्या वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि ते बरे चाले. ही माहिती ऐकून भावनाप्रमुख खचले.

"उपाशी कधी झोपलात का?" त्यांनी विचारले.

"पोट बिघडलं होतं तेव्हा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

"चालेल," ते म्हणाले. "विश्वासघात?"

"दुधवाला पाणी घालायचा," अक्का मध्येच म्हणाल्या.

बाईंनी अक्कांना डोळ्यांनी गप्प केले. मग त्या भावनाप्रमुखांना म्हणाल्या, "मला एकच गोष्ट सांगायची आहे. मी एवढे चित्रपट केले, पण माझा आवाज अजून कुणी ऐकलेला नाही. मरायच्या आधी एकदा तो लोकांनी ऐकावा. आवडला नाही तरी चालेल. तेवढं मिळत असेल तर मी येते, आणि हवं तर दोन्ही डोळ्यांनी रडते."

भावनाप्रमुखांचा चेहरा उजळला. इतके अस्सल दुःख, तेही न वापरलेले, त्यांच्या विभागाला बऱ्याच दिवसांत मिळाले नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला.

चित्रणाच्या दिवशी बाई फुलदाणीशेजारी बसल्या आणि बोलू लागल्या. त्या जे बोलल्या ते इथे जसेच्या तसे देत आहोत.

"मला बर्फात नाचवायचे. नायकाला लोकरीचा कोट, मफलर, बूट, आणि मला पाठ उघडी टाकणारा झगा. मी विचारलं, याला थंडी वाजते आणि मला का वाजत नाही? तर म्हणाले, तुम्ही प्रेमात आहात. मी म्हटलं, आणि हा? पुढं त्याच नायकाची मी आई झाले. तीन वर्षांपूर्वी तो माझ्यासाठी कड्यावरून उडी मारत होता, आता 'आई, मी पास झालो' म्हणून पाया पडायला लागला. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आशीर्वाद देताना मी त्याच्या टोपाला हात लावायचा नाही अशी सूचना होती, सरकायचा तो. या सगळ्याचं मला हसू येतं. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. एकदा मी माझाच चित्रपट बघायला तोंड झाकून थिएटरात गेले होते. शेवटी मी मरते, आणि मरताना बोलते. सगळं थिएटर रडत होतं. माझ्या शेजारची बाई तर हुंदके देत होती. मीसुद्धा रडले. माझ्याच मरणाला रडले, कारण ती फार छान मेली होती. शेजारच्या बाईनं मला रुमाल दिला. मला तिला सांगायचं होतं, अहो, ती मीच आहे. पण तोंड उघडलं असतं तर तिला ते खरं वाटलं नसतं. म्हणून मी नुसती मान हलवली. आयुष्यभर मी नुसती मान हलवत आले."

बाई थांबल्या. दिवे धरणाऱ्या माणसाने नाक ओढले. अश्रू डाव्या डोळ्यातूनच आला. चित्रण उत्तम झाले असा सर्वांचा अभिप्राय पडला.

यानंतर नियमाप्रमाणे चित्रण नमुना प्रेक्षकांना दाखवण्यात आले. नमुना प्रेक्षक म्हणजे चहा-बिस्किटांच्या बदल्यात संपूर्ण जनतेचे मत बाळगणारे शंभर नागरिक. त्यांपैकी त्र्याऐंशी जणांना वाटले की मॅडमना भलतीच्याच बाईचा आवाज दिला आहे आणि त्यामुळे सगळे खोटे वाटते. अकरा जणांना ध्वनियंत्रणेत बिघाड वाटला. चौघांनी मॅडम पूर्वीच वारल्या असून ही कुणी तोतया आहे असे ठामपणे सांगितले. उरलेले दोघे झोपले होते. त्यांची तक्रार नव्हती.

भावनाप्रमुख पुन्हा घरी आले, आता खरोखरच हळहळत. "शब्द सगळे आपलेच राहतील," ते म्हणाले. "एका अक्षराला हात लावणार नाही. फक्त आवाज तेवढा... लोकांच्या ओळखीचा घालू."

"म्हणजे मला माझा आवाज मिळाला नाही, हे ती सांगणार?"

"फार परिणामकारक होईल, मॅडम."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर कार्यक्रम कपाटात जाईल." त्यांनी बुटांकडे पाहिले. "खूप मोठं कपाट आहे आमचं."

दुसऱ्या दिवशी "आवाज" स्वतः दारात उभी राहिली. पाठीत वाकलेली, चष्मा लावणारी, साधी बाई. करार केव्हाच संपला होता, पण ती आत येताना दोन्ही बाजूंना बघून आली. दोघी पहिल्यांदाच समोरासमोर बसल्या. अक्कांनी चहा ठेवला.

"ताई, तुम्ही नको म्हणालात तर मी करणार नाही," ती म्हणाली. तो आवाज ऐकून अक्कांनी नकळत पदर सावरला. "मला तरी कुठं सुख आहे? दुकानात काही मागितलं की लोक आशेनं वळून बघतात. मग माझं तोंड दिसतं आणि त्यांचा विरस होतो. म्हणतात, नक्कल छान करता हो तुम्ही."

बाईंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "वाच बघू."

तिने पिशवीतून कागद काढला आणि वाचले. बर्फ आला, टोप आला, अंधारे थिएटर आले. "आयुष्यभर मी नुसती मान हलवत आले" या वाक्याला अक्का पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होते.

"पण ताई, हे मी बोलले तर ते खोटं होईल ना?"

"होईल," बाई म्हणाल्या. "पण मी बोलले तेव्हा खरं होतं, तर कुणाला पटलं नाही." डोळे पुसून त्या म्हणाल्या, "कर तू. निदान शब्द तरी जातील."

कार्यक्रमाला अभूतपूर्व प्रतिसाद मिळाला. मुखवटा उतरवून बोलण्याचे धैर्य दाखवल्याबद्दल दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी बाईंचे अभिनंदन केले. आदल्या रात्री कार्यक्रम संपताच प्रेक्षकांचे फोन थेट प्रक्षेपणात घेण्यात येत होते. स्टुडिओत मुलाखतकार रुमाल हातात घेऊनच बसला होता. बाई घरी टीव्हीच्या पडद्यासमोर बसल्या होत्या. त्या अचानक उठल्या आणि त्यांनी फोन फिरवला. अक्का मदतीला पुढे आल्या, तर बाईंनी त्यांना हाताने मागे सारले. या वेळी त्यांनी फोन अक्कांकडे दिला नाही.

"मी स्वतः बोलतेय," बाई म्हणाल्या. "तुम्ही आत्ता ऐकलात तो आवाज माझा नव्हता. हा माझा."

मुलाखतकाराने दुःखाने डोळे मिटले. "काकू," तो म्हणाला, "ज्या कलावतीला आयुष्यभर तिचा आवाज मिळाला नाही, तिची आजच्या दिवशी तरी टिंगल करू नका." फोन तोडण्यात आला. स्टुडिओत टाळ्या पडल्या.

पाठोपाठ दुसरा फोन लागला. तो "आवाज"चा होता. आपल्या घरी टीव्हीसमोर बसून तिने सगळे ऐकले होते आणि तिला राहवले नव्हते. "आत्ता ज्यांचा फोन तोडलात त्याच खऱ्या," ती कळवळून म्हणाली. "आवाज माझा आहे. त्यांचं ऐका हो!"

मुलाखतकार खुर्चीतून उठून उभा राहिला. "मॅडम, आपण स्वतः!" त्याने रुमाल डोळ्यांना लावला. "ऐकलंत, प्रेक्षकहो? टिंगल करणाऱ्या बाईलाही यांनी क्षमा केली. क्षमाच नाही, आपली जागा देऊ केली!"

अशा रीतीने राहून गेलेली क्षमाही पार पडली आणि मनोगत नियमाप्रमाणे पूर्ण झाले.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग हसू लागल्या. मोठ्याने, घोगऱ्या, नाकातल्या आवाजात, पोट धरून, करारात मनाई असलेले सगळे हसू एकदम. वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी आपटून लावली. अक्काही हसल्या. मग बाई एकट्याच रडल्या, आणि अक्कांनी निमित्त सापडूनही त्या दिवशी भांडण काढले नाही.

हे वाचून सुज्ञ वाचकाला वाहिनीचा संताप आला असेल. तो रास्त आहे. निषेधाचे पत्र अवश्य लिहावे. फक्त लिहायला बसण्यापूर्वी एक किरकोळ चौकशी. बाईंचा आवाज घोगरा, नाकातला आणि वाक्याच्या शेवटी खाली बसणारा आहे, हे आपल्याला सुरुवातीलाच कळवले होते. त्यानंतर फुलदाणीशेजारी बसून त्या जे बोलल्या ते आपण सबंध वाचलेत, कदाचित थोडे गहिवरलातही. "ती फार छान मेली होती" हे वाक्य आपण मनातल्या मनात कुणाच्या आवाजात ऐकलेत?