उपडा फोन आणि अकरावं प्रकरण

भाऊंनी फक्त ‘हो’ म्हटलं होतं. फोन रोज विचारायचा, अपडेट करू का? आणि भाऊ रोज ‘नंतर’वर बोट ठेवायचे. पण मुळात माणूस भिडस्त. एखाद्याला नाही तरी किती वेळा म्हणायचं? (पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीत बसून हेच भाऊ लोकांना दिवसभर ‘नंतर या’ सांगतात, पण तो नोकरीचा भाग झाला.) शनिवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एकदाचं ‘हो’ दाबलं. फोन विझला, बराच वेळ विचारात पडला आणि उजळला तो एक लांबलचक सूचना घेऊनच. भाऊंनी ती कार्यालयीन परिपत्रकं वाचतात तशीच वाचली. म्हणजे थेट तळाशी जाऊन ‘समजलं’ दाबलं आणि डबा उघडला.

आता वहिनींच्या कपाटाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. अंध विद्यार्थ्यांसाठी त्या पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात, आणि तेही कपड्यांच्या कपाटात बसून. टांगलेल्या कपड्यांत आवाज घुमत नाही, हा शोध त्यांचा त्यांनीच लावलेला. भाऊंचे कोट एका बाजूला सारायचे, बुटक्या स्टुलावर बसायचं, गळ्यात छोटा दिवा अडकवायचा आणि दार ओढून घ्यायचं. मग आतून जो आवाज येई, तो ऐकून भाऊंचं मन भरून यायचं. एरवी पाण्याच्या बिलावरची बारीक अक्षरंसुद्धा न वाचणारे भाऊ त्या आवाजात कायद्याची कलमं तासन् तास ऐकत बसत. आपली बायको ही काय चीज आहे, हे त्यांना त्या बंद दारासमोर बसूनच कळलं होतं.

वाचन चालू असताना घरात पंखा बंद, नळ बंद, कुकर बंद आणि भाऊ जवळजवळ बंद. दाराबाहेर खुर्ची टाकून पहारा देणं ही त्यांची कामगिरी. त्यांचं सगळ्यात मोठं शस्त्र म्हणजे फोन. तो उपडा ठेवला की गप्प बसायचा. कोणाचा फोन तोंडावर कापायला नको, की कुठली बटणं शोधायला नकोत. ज्याला हे सुचलं त्याचा सत्कार करायला हवा, असं भाऊ खिडकीवर आलेल्या तक्रारदारांनाही सांगत.

रविवारी अकरावं प्रकरण होतं. शेवटचं. कायदा शिकणारी एक मुलगी, जिला दोघं कौतुकानं ‘वकीलबाई’ म्हणत, तिचा सोमवारी पेपर. हे प्रकरण संध्याकाळपर्यंत तिच्या कानी पडलं नाही तर तेवढा भाग सोडूनच तिला पेपरला बसावं लागणार होतं.

“अहो, आज शिंक आली तरी जिन्यात जाऊन द्या,” वहिनी म्हणाल्या.

“तू निर्धास्त राहा. आज माझ्याकडून चूक होणं शक्य नाही,” भाऊ म्हणाले. फोन त्यांनी गुडघ्यावर उपडा ठेवला आणि छाती पुढे काढून ते बसले.

आत वहिनी रंगात आल्या होत्या. प्रकरण होतं नव्या शोधांवरच्या हक्कांचं, म्हणजे पेटंटचं. “जी गोष्ट त्या कामाची सर्वसाधारण जाण असलेल्या माणसालाही सहज सुचू शकते, तिला शोध म्हणता येत नाही. सहज सुचणं म्हणजे नेमकं काय, तर...”

आणि भाऊंच्या गुडघ्यावर फोन खणखणला.

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. उपडा तर होता! त्यांनी उचलून पुन्हा उपडा ठेवला, या वेळी जरा दटावून. फोन वाजतच राहिला. उशीवर उपडा ठेवला, उशी त्याच्यावर उपडी ठेवली, वर स्वतः बसले. आता तो वाजतही होता आणि थरथरतही होता. उचलावा, तर बोलावं लागणार, आणि बोलायची तर सक्त मनाई!

कपाटातून आवाज आला, “अहो, बंद करा तो!”

“होत नाहीये गं! उपडाच आहे!”

“उपडा नाही, बंद करा म्हणते मी!”

“पूर्ण उपडा आहे! याच्यापेक्षा जास्त उपडा होत नाही!”

दार उघडलं. दोन कोटांच्या मधून वहिनी बाहेर आल्या, त्यांनी भाऊंना उठवलं, उशी उचलली आणि फोन कानाला लावला. पलीकडे भाऊंचा कार्यालयातला मित्र होता. फोनमधलं सगळं कळतं म्हणून त्याला सगळे यंत्रमहर्षी म्हणत.

“वहिनी, भाऊंना सांगा, काही झालं तरी ते अपडेट करू नका म्हणावं! उपडं ठेवून गप्प करायची सोय त्यात काढून टाकलीये. दोन कंपन्यांची कोर्टात जुंपलीये, ती कल्पना आधी कोणाची यावरून.”

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ उशीची खोळ सारखी करत होते.

दुसरी एखादी असती तर तिनं उशीच फेकून मारली असती. वहिनी मात्र खुदकन हसल्या. “म्हणजे आत मी वाचतेय तेच बाहेर घडतंय की! दोघांचं भांडण आणि सोय गेली तिसऱ्याची.” त्यांनी फोन चक्क बंद केला, घोटभर पाणी प्यायल्या आणि परत कपाटात शिरल्या. अडलेलं वाक्य त्यांनी अशा शांतपणे पहिल्यापासून उचललं, की जणू मधे काही घडलंच नव्हतं. भाऊ ऐकत राहिले. या बाईपुढे आपण म्हणजे कपाटातल्या कोटांपैकीच एक, असं त्यांना मनापासून वाटलं. पण निदान एक तरी काम आपण धड करून दाखवायचं, असाही त्यांनी निश्चय केला.

ती संधी लगेच आली. प्रकरण संपलं, वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “तोंड धुऊन येते, मग बघते.” भाऊंनी वहिनींच्या फोनवर ते ध्वनिमुद्रण शोधलं, वकीलबाईचं नाव शोधलं आणि पाठवून दिलं. अगदी चोख.

“पाठवलं!” वहिनी परत येताच ते म्हणाले.

“पाठवलं? अहो, मधला गोंधळ कापायचा होता ना!”

वहिनींनी घाईघाईनं प्रकरण नीट कापलं आणि पुन्हा पाठवलं. पण वकीलबाईचं उत्तर आधीच येऊन पडलं होतं: ‘ऐकायला सुरुवात केली, काकू.’ भाऊ त्या संध्याकाळी कोणी न सांगता भांडी घासत होते.

सोमवारी दुपारी वहिनींचा फोन वाजला. वकीलबाईच होती.

“काकू, पेपर मस्त गेला! तुमचा आवाज कानात होता, काही आठवावं लागलंच नाही. जरा काकांना देता?”

भाऊंनी क्षमा मागायच्या तयारीनं फोन घेतला.

“काका, ते ‘सहज सुचणं’ म्हणजे काय, उदाहरणासह स्पष्ट करा, असा प्रश्न आला होता. मी तुमचंच उदाहरण दिलं!”

भाऊंची छाती आपोआप पुढे आली. शेवटी उपयोग झालाच की आपला! त्यांनी वहिनींनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला. “काय लिहिलंस गं?”

“लिहिलं, की सहज सुचणं हे माणसागणिक बदलतं. वाजणारा फोन बंद करावा, हेसुद्धा काही जणांना सहज सुचत नाही. माझा लेखनिक लिहिताना इतका हसला, की पर्यवेक्षकांनी त्याला ताकीद दिली.”

वहिनींनी पदर तोंडात कोंबला.

भाऊंनी सवयीनं फोन टेबलावर उपडा ठेवला.

“काका?” फोन खणखणीत आवाजात म्हणाला. “काका, उपडा ठेवलात का?”