टाळ्यांच्या फौजेवर झीनतबीची फत्ते

सुज्ञ वाचणारांचे सेवेशी लिहिणाराचा मुजरा. शहर सोलापूर, सात रस्त्याचे हॉर्न जिथवर पोचतात त्या मुलखात एक माध्यमिक विद्यालय आहे. तेथे यंदा जी घनघोर जंग जाहली तिची हकीकत कोणी विचारिली नाही, सबब आपणहून लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही. घातले असेल ते शोभेपुरते.

आठवी ब या सुभ्यात झीनतबी नामे कन्या होती. जन्मापासून दृष्टी नाही, परंतु कान ऐसे की व्हरांड्यातून कोणते सर येतात हे चपलेच्या आवाजावरून सांगावे आणि मग अवघ्या वर्गाने तत्क्षणी अभ्यासास लागावे. सरकारने तिजला ‘दिव्यांग’ हा किताब बहाल केला होता. किताबामागून जहागिरी यावी ऐसा शिरस्ता. ती वाटेत कोठे अडली, कळेना. मग खेळाचा तास होई आणि सारी फौज मैदानात उतरे आणि झीनतबीस लिंबाखालच्या कट्ट्यावर सर्वांच्या पाण्याच्या बाटल्यांची किल्लेदारी मिळे. पाचवीपासून तिने तो किल्ला लढविला आणि एक बाटली गनिमाचे हाती जाऊ दिली नाही आणि प्रगतिपुस्तकात शारीरिक शिक्षणास दरसाल ‘अ’ श्रेणी पडली, शेरा ‘मैदानी खेळांत उत्साही सहभाग’.

मग सांगोल्याहून बदली होऊन अंकिता मॅडम खेळाच्या सुभेदारीवर रुजू जाहल्या. त्यांनी पुसिले, ही पोर कट्ट्यावर का? जबाब आला, शिरस्ता. मग मॅडमनी फुटबॉल कॅरीबॅगेत घालून गाठ मारिली, जेणेकरून तो घरंगळता खसखस वाजावा. आणि हॉलच्या फरशीवर सुतळी अंथरून वर चिकटपट्टी मारिली, जेणेकरून सीमा पायांस कळावी. आणि कायदा केला की उभयपक्षी तीन गडी, सर्वांचे डोळे बांधलेले, बॉल आवाजावर ओळखून अंगावर अडवावा आणि गनिमाच्या गोलात लोटावा.

कबड्डीचा कप्तान ऋतुराज, शाळेतील मातबर सरदार, डोळ्यांस पट्टी बांधताच भिंतीस मुजरा करू लागला. बॉल त्याच्या पायांमधून निघून गेला, तो मात्र छताकडे हात पसरून उभा.

“ऋत्या, तू बाटल्या संभाळ,” झीनतबी वदली. “त्या पळत न्हाईत.”

ही खबर हेडमास्तर तिप्पण्णा सरांस पोचली आणि हुजूर चिंतेत पडले, कारण मूल पडले तर चौकशी, न पडले तर शाबासकी दुसऱ्यास. मग मसलत होऊन फर्मान निघाले की क्रीडादिनी हॉलमध्ये सर्वांदेखत सामना व्हावा; पोरीस खरेच जमते ऐसे दिसले तर खेळ वेळापत्रकात कायम, न दिसले तर बॉल कपाटात आणि पोर कट्ट्यावर. त्या रात्री झीनतबीने जेवण टाकिले आणि अम्मी जमीला हिने पुसता इतकेच सांगितले की बाटल्यांची आता किळस आली आहे.

क्रीडादिनी प्रमुख पाहुणे शहाजीअण्णा, ज्यांची छबी प्रभागातील प्रत्येक खांबावर लटके, गाड्यांच्या ताफ्यासह दाखल जाहले. त्यांस सोलापुरी टॉवेल आणि नारळ यांचा शिरपाव देण्यात आला आणि त्यांनी जो माईक धरिला तो सोडिला नाही.

सामना सुरू जाहला आणि गनीम भलत्याच बाजूने चालून आला. झीनतबी उभी राहिली, लोकांनी टाळ्या वाजविल्या. बसली, टाळ्या. तिने नाक खाजविले, तेव्हां मागील रांगेतील दोन बायांनी डोळे पुसले. त्यात अण्णांचा माईक गरजला, “आपल्या दिव्यांग भगिनीसाठी जोरदार टाळ्या झाल्या पायजेत!” या माऱ्यात बॉलची खसखस बुडाली आणि समोरच्या पक्षाच्या ऋतुराजने अंदाजाने लोटलेले दोन बॉल झीनतबीच्या गोलात शिरले आणि त्यासही टाळ्या पडल्या. त्या गर्दीत झीनतबीने अम्मीच्या बांगड्या ओळखल्या. घरची तोफ गनिमास मिळाली होती. मॅडमनी तोंडावर बोट ठेवून विनविले, तर लोकांस वाटले, बाईंस हुंदका आवरेना.

तिप्पण्णा सर मॅडमजवळ सरकले. “ऱ्हाऊ द्या आता. न्हाई झेपत लेकराला. टाळ्या तर मिळाल्या की.”

हे झीनतबीच्या कानी पडले. मग तिने ऐसा डाव टाकिला की भल्याभल्या मुत्सद्द्यांनी तोंडात बोट घालावे. तिने मोठ्याने अर्ज केला, “अण्णा, तुमी पण या की खेळाय! पाव्हण्याचा मान हाय!”

समोर शंभर मोबाइल रोखलेले, नाही कोण म्हणतो? मग ऋतुराजचा एक गडी बाहेर गेला आणि शिरपावाचाच टॉवेल अण्णांच्या डोळ्यांस बांधून त्यांस गोलावर नामजाद केले आणि कार्यकर्त्यांनी टाळ्या-शिट्ट्यांचा कहर केला. पहिला बॉल अण्णांच्या नडगीवर बसला. दुसरा पोटावर. तिसरा कोठून येतो याची भीती ऐसी की अण्णा आधीच खाली बसले आणि तेथून कडाडले, “अरं गप बसा की! बॉल कुटनं यायलाय कळंना मला! आता जो टाळी वाजवंल त्याला बगतो!”

हॉल चिडीचूप. जमीलाने हात ओढणीखाली दाबून धरिले. ऐसी शांतता त्या मुलखाने पाहिली नव्हती. सात रस्त्याचा हॉर्न आत येऊन ओशाळला. मग झीनतबीस सारे रण लख्ख ऐकू आले. ऋतुराजची सर्दी डावीकडे सूं सूं करीत होती, त्याच्या गड्याचे पाय तिथेच घासत होते, अण्णांचा दम मध्यभागी, उजवीकडे कोणीच नाही. तिने उजवीकडे एक घातला. मग ऋतुराजचा बॉल आडवी पडून पोटावर अडविला आणि उठता उठता दुसरा घातला. तिसरा अण्णांच्या बगलेखालून खसखसत गेला आणि मॅडमची अखेरची शिट्टी वाजली.

तरी कोणी हालेना. हुकूम उठविलेला नव्हता आणि अण्णा टॉवेलाआड अजून चौथ्याची वाट पाहत होते. मग झीनतबी कमरेवर हात ठेवून वदली, “आता वाजवा की! आता का हात दुखायलेत?”

पहिली टाळी बांगड्यांची पडली. मागून हॉल कोसळला.

येणेप्रमाणे तीन विरुद्ध दोन ऐसी फत्ते जाहली आणि तिप्पण्णा सरांनी ही कल्पना मूळची आपली ऐसे जाहीर करून खेळ आठवीच्या वेळापत्रकात कायम केला आणि बाटल्यांचा किल्ला ओस पडला. पहिल्याच आठवड्यात ऋतुराजची बाटली चोरीस गेली. तपास जारी आहे.