बोक्याची गळती

बोका पाळण्यात नाकवाल्या काकांचा फायदा काय होता, ते आधी पाहून घेऊ. पहिला फायदा, बोलायला कोणीतरी मिळणार होतं. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात आवाज करणाऱ्या गोष्टी तीनच उरल्या होत्या: कुकर, नळ आणि काकांचे गुडघे. मध्यंतरी पार्सलवाल्याने नाव विचारलं, तर काकांच्या तोंडून आधी नुसती हवाच आली. दोन दिवस गळा वापरलाच नव्हता! दुसरा फायदा असा, की बाहेरून आल्यावर कुलपात किल्ली जरा घाईने फिरवावी असं काहीतरी आत असणार होतं. हा दुसरा फायदा काकांनी कोणाला बोलून दाखवला नाही. बहिणीला त्यांनी सांगितलं, "घरात उंदीर झालेत."

घरात एकही उंदीर नव्हता.

बहिणीकडचा बोका द्यायचाच होता, कारण तिच्या नातवाला मांजराच्या केसांनी शिंका यायच्या. "पण दादा, मांजराचं कधी केलं नाहीस तू. घाण केली तर?"

काका हसले. "अगं, तीस वर्षं गॅसची गळती शोधलीय मी या नाकाने! यंत्राची सुई हलायच्या आधी माझी नाकपुडी हलायची. तुझा बोका माझ्या नाकाखाली काय डोंबल घाण करणार?"

"तसा शहाणा आहे. ऑपरेशनही झालंय त्याचं. पण घर नवीन आहे ना! शेपूट ताठ उभी करून थरथरवायला लागला, की समज फवारा उडाला. हद्द आखतात ते. मी वाचलंय."

वाचलं होतं ते खरंच होतं. फक्त अर्ध्यावर असताना नातवाला शिंका आल्या होत्या आणि पुढचं वाचायचं राहिलं होतं.

बोका आला. दोन दिवस पलंगाखाली राहिला आणि तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन त्याने दाराची चौकट, टेबलाचा पाय आणि काकांची पोटरी या क्रमाने सगळ्यांना गाल घासला. काका खूश! "या बोकोबा, घर आपलंच आहे," असं म्हणाले आणि स्वतःचाच आवाज ऐकून जरा दचकले.

चौथ्या दिवशी ते दूध घेऊन परत आले. दार उघडतात तो बोका समोर हजर! शेपूट बांबूसारखी उभी. आणि ती शेपूट बुडापासून शेंड्यापर्यंत अशी थरथरत होती, की जणू तिला कोणीतरी विजेच्या तारेला जोडलंय!

"ए! ए! ए! थांब!" काका ओरडले. दुधाची पिशवी पडली, फुटली. बोका पलंगाखाली. काका गुडघ्यांची तक्रार न ऐकता चार पायांवर आले आणि त्यांनी फरशी हुंगली. मग दार हुंगलं. मग स्वतःची पँट काढून ती हुंगली. दुधाशिवाय कशाचाच वास नाही!

तुम्ही-आम्ही म्हणालो असतो, वास नाही म्हणजे काही झालेलं नाही. पण गळतीवाल्यांची शिकवण वेगळी असते. सुई हलली आणि वास आला नाही, तर संशय आधी नाकावर घ्यायचा. एकाच वासात राहिलेल्या नाकाला तो वास येईनासा होतो. इथे सुई म्हणजे शेपूट, आणि ती तर डोळ्यांदेखत हलली होती!

पुढचे चार दिवस काकांनी वहीत नोंदी ठेवल्या. मी घरात असताना, थरथर नाही. मी बाहेरून आल्यावर, दर वेळी. यावरून काकांनी जो निष्कर्ष काढला तो काढायला तीस वर्षांचा अनुभवच लागतो. ते म्हणाले, "मी नसताना धीर धरतो आणि मी आलो की तोंडावर करतो. मुद्दाम करतो, हरामखोर!"

मग रोजचाच तमाशा सुरू झाला. काका दारात, बोका समोर, शेपूट वर, आणि काकांची आरोळी, "खाली! शेपूट खाली कर!" गळती सापडावी म्हणून त्यांनी साबणाचा फेस केला आणि गॅसच्या नळीला लावतात तसा सोफ्याला लावला. एका जागी बुडबुडा आला! काका श्वास रोखून बघत राहिले. श्वास रोखल्याबरोबर बुडबुडा बंद झाला, कारण तो त्यांच्याच श्वासाने येत होता.

शेवटी उरला कंपनीचा जुना नियम. आपल्या नाकाचा भरवसा वाटेना, तर दुसरं नाक बोलवा.

दुसरं नाक आणायचं कुठून? शेजारच्या घरात शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या, सोबत त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई. काकू गेल्या तेव्हा दोघी येऊन बसून गेल्या होत्या. त्यानंतर काकांनी त्यांचं दार वाजवलं ते थेट आजच.

"ताई, जरा घरी येऊन वास घेता का?"

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून काढल्या. "कशाचा वास, काका?"

"तेच तर कळत नाहीये ना!"

सासूबाई आतून म्हणाल्या, "चल गं, जाऊन येऊ. एवढं बोलावतायत तर!"

दोघी आल्या. चार वर्षांत या घरात पाहुणा असा आलाच नव्हता, त्यामुळे बसायला कुठे सांगायचं हेही काकांना सुचेना. बाईंनी पडद्याजवळ जाऊन एक हलकासा श्वास घेतला. सासूबाईंनी मात्र पैसे देऊन आल्यासारखं छाती भरून हुंगलं.

"येतोय!" सासूबाई म्हणाल्या. "अहो, चांगला येतोय! हा तर बंद—"

बाईंचं कोपर सासूबाईंच्या बरगडीत गेलं.

"बोक्याचा," बाई घाईने म्हणाल्या. "बोक्याचाच असणार, काका. दुसरा कशाचा असणार?"

झालं! काकांचा चेहरा पडला. म्हणजे वास होता आणि त्या नाकाला तो आला नव्हता! ज्या नाकावरून सगळी इमारत त्यांना ओळखायची, त्या नाकाची नोकरी आज खऱ्या अर्थाने संपली.

संध्याकाळच्या आत सोफा भंगारवाल्याकडे गेला. पडदे उतरले. काकांनी फिनेलच्या दोन बाटल्या आणल्या आणि चौकट, टेबलाचा पाय, पलंगाची कड, जिथे जिथे बोक्याने गाल घासला होता ती प्रत्येक जागा खसाखसा पुसून काढली. आपल्या ओळखीच्या घरातली एकेक खूण नाहीशी होताना बोका कपाटावर बसून बघत होता. काकांनी बहिणीला फोन लावला. "रविवारी ये आणि घेऊन जा. नाही जमत."

"उंदीर संपले का?"

"हो. संपले."

शनिवारी सकाळी बोका कपाटावरून उतरला. फिनेलच्या वासाने भेदरलेला. त्याने दाराच्या चौकटीकडे पाठ केली, मागचे पाय जागच्या जागी आळीपाळीने दाबले, शेपूट उभी केली, थरथरवली, आणि उडवला फवारा!

काकांच्या दोन्ही नाकपुड्या फुलल्या. डोळ्यांना पाणी आलं. भोपळा सडून त्यात कोणीतरी चुना कालवावा असला तो वास टाळूपर्यंत चढला!

"आला!" काका नाचलेच. "आला वास! नाक शाबूत आहे! शाब्बास रे माझ्या वाघा!" फवारा मारल्याबद्दल बक्षीस म्हणून वाटीभर दूध मिळालेला हा पहिलाच बोका असावा.

दूध ओतून झाल्यावर मात्र काकांचा हात थांबला. आज वास आला. मग आधी का नाही आला?

बोक्याला टोपलीत घालून ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, वहीसकट. डॉक्टरीणबाईंनी वही वाचली, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचली.

"आजचा तो खरा फवारा. भिंतीकडे पाठ, पाय दाबणं, सगळं बरोबर आहे. गाल घासून ठेवलेल्या त्याच्या वासाच्या खुणा तुम्ही पुसल्यात, घाबरला तो. घर परत आपलंसं करायला बघत होता."

"आणि आधीची थरथर?"

"तेव्हा त्याचं तोंड कुठे होतं?"

"माझ्याकडे."

"मग फवारा कसला? शेपूट तशीच थरथरते, पण तेव्हा काही सुटत नाही. तुम्ही आलात म्हणून आनंद झाला होता त्याला."

"मी आलो म्हणून?"

"हो."

"अहो, पण मी नुसता दूध आणायला गेलो होतो!"

डॉक्टरीणबाईंनी वही मिटून काकांच्या हातात दिली आणि पुढच्या कुत्र्याला आत बोलावलं.

परतताना काकांनी शेजारचं दार वाजवलं. "ताई, तो वास बोक्याचा नव्हता. मग कशाचा होता?"

बाई टाचण्या चाचपत राहिल्या. सासूबाईंच्या बरगडीपर्यंत या वेळी कोपर पोचलं नाही. "बंद घराचा, भाऊ. खिडक्या कधी उघडल्या होत्या शेवटच्या? या घरात कोणी येत-जात नाही, त्याचा वास तो. तुम्हाला कुठून येणार? तुम्ही त्यातच राहता."

रविवारी बहीण टोपली घेऊन आली, तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि काका दारात आडवे उभे. "बोका मिळणार नाही!"

"अरे, तूच म्हणालास ना घेऊन जा! माझ्या मैत्रिणीला शब्द दिलाय मी!"

"मैत्रिणीला सांग, त्याला मी आवडतो!"

"कशावरून?"

"थांब, दाखवतो." काका बाहेर गेले, दार ओढलं, वीस आकडे मोजले आणि आत आले. बोका कपाटावर. काका पुन्हा गेले, जिना उतरून चढून आले. बोका कपाटावर. तिसऱ्यांदा दूध घेऊन आले. आठवडाभर थरथरल्याबद्दल ज्याला शिव्या मिळाल्या, त्याने आता थरथरायचं सोडून दिलं होतं. बहिणीने दादाचा घामेजलेला चेहरा बघितला, रिकामी टोपली उचलली आणि गेली.

बोका राहिला. तेव्हा कोणाचं काय गेलं ते बघू. बहिणीची एक खेप फुकट गेली आणि मैत्रीण नाराज झाली. शेजारच्या बाई नवे पडदे शिवून देतायत, मापं घ्यायला तीनदा आल्या. तिन्ही वेळा बोका उड्या मारत दाराशी गेला आणि त्यांच्यासमोर त्याने शेपूट बांबूसारखी उभी करून थरथरवली! काका मागे उभे राहून बघत होते. आता ते दिवसातून चार वेळा काही ना काही आणायला बाहेर पडतात आणि किल्ली मुद्दाम आवाज करत फिरवतात. काल बोका कपाटावरून उतरला, काकांपासून दोन हात अंतरावर आला आणि त्याने शेपूट उचलली. अर्धीच. थरथर नाही. थोडा वेळ अर्ज वाचणाऱ्या साहेबासारखं बघितलं आणि परत गेला.

"चालेल," काका म्हणाले.

बाकी सगळ्यांचं थोडंथोडं गेलं. उरलेलं सगळं काकांनीच भरलं. एवढ्या वर्षांनी घरात कोणालातरी त्यांच्या येण्याचा आनंद झाला होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने, फिनेल लावून, कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून काढला होता.