मागं किती माणसं?

लोकशाहीत उमेदवार अगदी साधा माणूस असावा आणि त्याच्या मागं चाळीस-बेचाळीस गाड्या असाव्यात, एवढीच माफक अपेक्षा असते.

त्यानुसार पक्षानं जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी सांगलीत मुलाखती ठेवल्या. संधी सर्वांना समान. आमच्या कृष्णाकाठच्या गावातनं दोन अर्ज गेले.

एक ज्ञानूचा. अनुभव : अठरा वर्षं खुर्च्या मांडणं, गर्दी जमवणं, घोषणा देणं, आणि आमचे पुढारी लालासाहेब भाषणात अडकले की टाळ्या सुरू करणं (हे येरागबाळ्याचं काम नाही).

दुसरा राजवर्धनचा. अनुभव : लालासाहेबांचा मुलगा असणं. सलग सव्वीस वर्षं, एकही सुट्टी न घेता.

आदल्या दिवशी ज्ञानूला लालासाहेबांचा फोन आला. "ज्ञानू, उद्या आपल्या राजाची मुलाखत हाय. गर्दीचं तेवढं बघ रं."

"व्हय साहेब," ज्ञानू म्हणाला. अठरा वर्षांत या वाक्याला त्यानं दुसरं उत्तर दिलंच नव्हतं.

"आवं, उद्या तुमची बी हाय न्हवं?" बायको बनुबाईनं विचारलं. (तिला राजकारणातलं काही कळत नाही.)

"दोनी जमवतो की गं!"

जमवलं. बेचाळीस गाड्या, सहाशे माणसं, हलगी. राजवर्धन आत गेला तेव्हा घोषणा अशा दणाणल्या, की पक्षाचे निरीक्षक उठून खिडकीत आले. सगळ्यात मोठा आवाज ज्ञानूचा होता.

मग गर्दी मटणाला गेली आणि ज्ञानूचं नाव पुकारलं गेलं.

प्रश्न दोघांना एकच होता, पक्षपात नको म्हणून. "मागं किती माणसं?"

"साहेब, मगाशी बघितली ती समदी मीच आणल्याली."

"आणलेली माणसं आम्ही धरत नाही. आपणहून आलेली सांगा."

ज्ञानूनं खिडकीतनं वाकून पाहिलं. खाली बनुबाई भाकरीचा डबा घेऊन उभी होती.

"एक," तो म्हणाला.

तिकीट राजवर्धनला मिळालं. कारण : तळागाळाशी नाळ.

ज्ञानू अपक्ष उभा राहिला. गाव लय हळहळलं. चहाच्या गाड्यावर जो तो त्याचा हात धरून सांगायचा, "गड्या, औंदा तूच रं!"

गावातनं त्याला अकरा मतं पडली.

त्या अकरातलं एक आपलं होतं, असं शपथेवर सांगणारी नऊशे सात माणसं मला आजवर भेटलीत. तुमी नऊशे आठवे. बसा, च्या घ्या.