मी रायफलला साईट बसवली

मला रायफल नको होती. मला मामाजींच्या घरात थोडी किंमत हवी होती. (घरजावयाला काय हवे असते, ते घरजावई झाल्याशिवाय कळत नाही.) नवेगाव बांधाजवळच्या त्या घरात मी गोंदियाहून राहायला आलो तो सातवी पास आणि इंग्रजीत सही करणारा जावई म्हणून. शेतीतले मला ओ की ठो कळत नव्हते. मी बैल वळवायला गेलो की बैलच मला वळवत.

त्या वर्षी धाकट्या मेहुणीचे लग्न ठरले आणि मामाजींनी, म्हणजे माझे सासरे रूपलाल यांनी, पंगतीसाठी तळ्याकडच्या धानाच्या बांधीत चिन्नोर लावला. तांदूळ असा बारीक आणि सुवासिक, की वरपक्षाने आधी चिन्नोर विचारला आणि मग मुलगी. रानडुकरांनाही तो पसंत पडला. तेव्हा मामाजींनी एका रिटायर जंगलसाहेबाची जुनी रायफल घेतली. त्यांची नजर अधू, माझा मेहुणा गुलाबचंद तापट, म्हणून लायसन माझ्या नावाचे निघाले.

रायफलीची मागची साईट, म्हणजे जिच्यातून नेम धरायचा तीच, तुटलेली होती. "नवी मागवून घ्या, जवाईबापू," मामाजी म्हणाले. झाले. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी काहीतरी निवडायला सांगितले होते, आणि मी ते फार मनावर घेतले.

नागपूरच्या दुकानाचे माहितीपत्रक आले. त्यात साईटी तीन तऱ्हेच्या: खाचेची, भोकाच्या चकतीची आणि दुर्बिणीची. दुर्बिणीची किंमत ऐकून मामाजींनी पाणी मागितले, म्हणून उरल्या दोन. खाच की भोक, या विचारात माझी झोप उडाली. मी जाता-येता हातात लाटणे घेऊन, एक डोळा मिटून, कोंबड्यांवर आणि कौलांवर नेम धरून पाहू लागलो. शेजारच्या अनुसयाबाई एक दिवस तरातरा आमच्या ओसरीवर आल्या.

"रूपलालभाऊ, तुमचे जवाई मले डोरा मारून राहिले," त्या म्हणाल्या.

"तो नेम आहे," मी म्हणालो.

"माझ्यावरच काऊन?"

मी हातातले लाटणे मागे लपवले. त्याच दिवशी मी भोकाची चकती मागवून टाकली. पत्रकात तिचा मोठा गुण असा लिहिला होता, की नेम जुळला की चकती डोळ्यापुढून नाहीशीच होते आणि फक्त सावज उरते. माझ्यासारख्याला आणखी काय हवे?

चकती आली, पण तोवर धान पोटरीतून लोंबीला आले होते आणि एक कोपरा डुकरांनी साफ केला होता. बायको मुन्नीबाई म्हणाली, "हे कायले आनलं?" बायकांना बंदुकीतले काय कळणार, म्हणून मी नुसता हसलो. चकती फडताळावर ठेवली आणि गुलाबचंदबरोबर पहाटे मचाणावर जायचे ठरवले. अंधारातच ती चाचपून रायफलीला बसवली आणि निघालो.

चांगले उजाडले तेव्हा डुकरे बांधीत उतरली. पुढचे तर म्हशीएवढे होते. पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मामाजींचा जुना कोट घातलेले बुजगावणे उभे होते, पण डुकरे त्याला ओळखत असावीत. ती जरा लांबून चरत होती, इतकाच त्याचा मान.

"भाऊजी, दिसून राहिलं ना?" गुलाबचंद कुजबुजला.

मी चकतीला डोळा लावला. काळोख. भोक नाही, डुक्कर नाही, बांधीही नाही. मला आनंद झाला. पत्रकात लिहिल्याप्रमाणे चकती नाहीशी झाली होती. (सोबत सगळे जगही झाले होते, पण नवीन वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो.)

"अगदी स्पष्ट," मी म्हणालो आणि घोडा दाबला.

धुरातून गुलाबचंदचा आवाज आला. "बाबाले लागली."

मी पाहिले. धुऱ्यावर मामाजींचा कोट आडवा पडला होता. मामाजी रोज सकाळी याच बाजूला येत. मी मचाणावरून उतरलो की पडलो, आठवत नाही, पण चिखलात धावत, रडत, "मामाजी, मामाजी" करत पोचलो. चुना फासलेल्या मडक्याच्या, म्हणजे बुजगावण्याच्या डोक्याच्या, खापऱ्या तिथे विखुरल्या होत्या.

"का झालं?" मागून मामाजींनी विचारले. त्यांच्या हातात लोटा होता. मी त्यांचे पाय धरले आणि सोडीचना. डुकरे मात्र पळताना उरलेल्या धानातून पळाली.

घरी येऊन मी चकती उजेडात धरली. भोकाच्या जागी चांदीसारखा चकचकीत ठिपका होता.

"अवो, त्याले भोक होतं," मुन्नीबाई म्हणाली. "नव्या वस्तूले भोक. दुकानदारानं फसवलं तुमाले. काल लग्नाची भांडी कल्हईले देली, त्यातच हेही देलं. कसं बुजवलं पाहा, थेंबभर पानी गरनार नाही."

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला रागावता येईना.

मामाजींनी रायफल पेटीत घातली. "धान कापेपरेंत बांधीत कोनीतरी उभं राहाले पायजे," ते म्हणाले आणि तो कोट माझ्या अंगावर चढवला. खांद्याजवळच्या भोकातून वारा येई. पंगतीपुरता तांदूळ वाचवणे आता माझ्यावर होते, म्हणून मीही हात पसरून, हू की चू न करता उभा राहू लागलो. दुसऱ्याच सकाळी डुकरे आली. चरत चरत माझ्या पायापाशी आली, एकाने माझे धोतर हुंगले आणि पुन्हा लोंब्यांना तोंड लावले.

मामाजी धुऱ्यावरून पाहत होते.

"मडक्याचं डोकं होतं," ते गुलाबचंदला म्हणाले, "तवा एवढे जवर येत नोहते."